चार बोटं

रामरावाच्या विहिरीनं पाडव्याच्या आधीच तळ दाखवला. बादली सोडली की खडकाला लागून ठणकन वाजायची आणि वर यायची ती अर्धी गाळानं भरलेली. कुंभार पिंपळगावच्या शिवारात त्या साली बहुतेक विहिरींची हीच गत होती, पण दुसऱ्यांच्या विहिरींशी रामरावाला काय करायचं होतं? त्याची दोनशे वीस मोसंबीची झाडं होती. अकरा वर्षांपूर्वी त्यानं आणि दैवशालेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकेक खड्डा हातानं खांदला होता. पहिला उन्हाळा दैवशालेनं डोक्यावरच्या घागरीनं काढला होता. तिच्या मानेचा मणका तेव्हापासून दुखतो तो दुखतोच.

आता बैलगाडीवर ड्रम बांधून तळ्यातल्या डबक्याचं पाणी आणायचं आणि झाडागणिक एक बादली ओतायची, असं चाललं होतं. गाडी रामराव हाकायचा, बादल्या त्याचा धाकटा भाऊ सोमेश्वर ओतायचा. खेपा आठ व्हायच्या. एका बादलीनं मोसंबीच्या बुडाची माती नुसती काळी व्हायची आणि पुढच्या झाडाला जाईपर्यंत परत पांढरी पडायची.

त्यातही सोमेश्वर मध्येच थांबायचा. बादली हातात तशीच, आणि नजर एखाद्या पानावर. तहानलेलं पान कडेनं आत वळतं, मधली शीर वर येते, आणि त्या शिरेची सावली केसाएवढी बारीक पडते. ती सावली बघत तो उभा राही.

"पाणी वत की! पानं काय बघून राह्यला?" रामराव गाडीवरून ओरडायचा.

"वततो, दादा."

माणसाला वेड असतं, पण ते सोयीचं असलं तर लोक त्याला छंद म्हणतात. सोमेश्वरचं वेड कुणाच्याच सोयीचं नव्हतं. अठरा वर्षं त्यानं जालन्यात मस्तगडला दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रश धुवून ठेवायची वेळ आली. सहा वर्षांपूर्वी तो गावी परतला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याचा कोरा बोर्ड होता, पिशवीभर पेन्सिली होत्या आणि लग्नाचं वय मागं राहिलं होतं. लोकांना वाटलं, आता हा शेतीला लागेल. लागलाही. पण सकाळची कामं उरकली की बोर्डाला कागद लावून तो बांधाकडे जाऊन बसायचा.

बांध त्यांचा आणि शेजारच्या फकरोद्दीनचा सामाईक होता. पश्चिमेला रामरावाचं रान, पूर्वेला फकरोद्दीनचं. बांधावर एक जुनी बाभळ, तिच्या पाल्याखाली शेंदूर लावलेला म्हसोबा, पलीकडे विजेचा खांब. दोन हिवाळे सोमेश्वर एवढंच काढत होता. बसायला त्यानं दक्षिणेच्या टोकाचा एक चपटा दगड ठरवला होता, तोंड उत्तरेला, बांधाच्या ओळीत. रोज त्याच दगडावर, तसंच पाठीला पहिलं मोसंबीचं झाड टेकवून. हात सरळ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि खाचा पाडलेल्या तुराटीनं मापायचं. कागदावर दोऱ्यानं चौकटी आखलेल्या. पाट्या रंगवतानाची ही सवय, अक्षर वाकडं जाऊ नये म्हणून. असे बारा कागद भरले. कापसाच्या खोलीत भिंतीवर ते पिठाच्या खळीनं एकमेकांना जोडले तेव्हा चित्र माणसापेक्षा उंच झालं. बाभळीची साल नखानं खरवडावी अशी, कुसळं मोजून घ्यावीत अशी.

"किती कागद नासशील?" रामराव विचारायचा. गावात काकासाहेबांनी त्याचं नाव 'रेघोट्या' पाडलं होतं. काकासाहेब गावचे जुने पंच. त्यांनी पाडलेलं नाव बारशातल्या नावापेक्षा जास्त टिकायचं.

चित्र होळीला पुरं झालं. त्याच्या पुढच्या ज्येष्ठात एका रात्री आभाळ फाटलं. बाभळ आडवी झाली, बांध वाहून सपाट झाला आणि त्यानंतर पाऊस जो रुसला तो रुसलाच. बाभळीचं खोड, मुळ्या सगळं लोकांनी जळणाला नेलं. दोन्ही रानांमध्ये खूण म्हणून उरला एकटा म्हसोबा. त्याची कुणाला चिंता नव्हती. शेंदराच्या दगडाला हात लावायची छाती शिवारात कुणाची? फकरोद्दीनचा बापसुद्धा आषाढात त्याला नारळ द्यायचा.

विहीर आटल्यावर रामरावानं पाणी बघणारा बोलावला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि रान पालथं घातलं. रामरावाच्या चार एकरात नारळ काही हलला नाही. म्हसोबापासून सात हात पूर्वेला, फकरोद्दीनच्या काळ्या रानात, तो ताठ उभा राहिला.

"हितं हाय. साठ फुटात मनगटाएवढा झरा," पाणी बघणारा म्हणाला.

रामराव त्या जागेकडे बघत राहिला. फकरोद्दीन तेव्हा अंकुशनगरला कारखान्यावर ऊस उतरवायला होता, तीन महिन्यांपासून.

त्यानंतर आठवड्यानं सोमेश्वर सहज आपल्या दगडावर जाऊन बसला. सवयीनं हात सरळ धरला, डोळा मिटला. म्हसोबा खांबाच्या उजवीकडे होता, चार बोटं. चित्रात तो बरोबर खांबाच्या खाली होता.

तो दोनदा उठला, दोनदा बसला. तुराटी बदलून पाहिली. चार म्हणजे चारच.

देवाचा दगड सरकला असेल, हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. त्याला वाटलं, आपणच चुकलो. दोन हिवाळे ज्या रेघांवर जीव ओतला त्या मुळातच वाकड्या पडल्या. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कापसाच्या खोलीत चित्रासमोर उभा राहून त्यानं एकेक चौकट दोऱ्यानं परत मापली. खांब बरोबर, टेकडी बरोबर, फकरोद्दीनचा निंब बरोबर. मग एकटा म्हसोबाच कसा चुकला? अठरा वर्षांत एका पाटीवर काना विसरला म्हणून दुकानदारानं चारचौघांत त्याचे कान उपटले होते. ते दुःख याच्यापुढे काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो रानात गेला तो खोडरबर खिशात घालून, चूक नीट बघून घ्यावी आणि दुरुस्त करावी म्हणून.

खांबाच्या सरळ रेषेत तो चालत गेला आणि जिथं म्हसोबा चित्रात होता तिथं उकिडवा बसला. माती भुसभुशीत होती. वरून पायानं सारखी केलेली. हातानं उकरली तर खाली दगडाच्या बुडाएवढा गुळगुळीत खळगा लागला, पिवळी पडलेली गवताची मुळं लागली आणि शेंदराचा एक पोपडा.

त्यानं पोपडा बोटावर घेतला. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. आपली रेघ बरोबर होती! मग त्याला रामरावाचं मनगट आठवलं. आठ दिवसांपासून ते सुजलं होतं, आणि दैवशाला रोज त्यावर हळदीचा लेप लावत होती. बैलानं झटका दिला, असं रामराव सांगत होता.

फकरोद्दीन चैत्र संपताना परतला. रानात पाय ठेवताच तो थबकला, तसाच काकासाहेबांच्या ओट्यावर गेला. रामरावाला बोलावणं आलं. सोमेश्वरही मागं उभा राहिला.

"रामभाऊ, म्हसोबा सरकलाय," फकरोद्दीन म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "नऊ हात. माज्या रानात आलाय."

"देव कुठं सरकतो का?" रामराव म्हणाला. "कोण हात लावंल त्याला? तू लावशील?"

ओट्यावरची माणसं हसली. काकासाहेबांनीही मान हलवली. "फकरू, चार म्हैने तू हितं नव्हता. बांध वाहून गेला, बाभळ गेली. माणसाला जागेचा अंदाज ऱ्हात न्हाई."

"माज्या बापानं तिथं नारळ फोडलाय, काकासाहेब. मला अंदाज ऱ्हाणार न्हाई?"

"सरकारी मोजणी मांग मंग. येतील सहा म्हैन्यानं."

फकरोद्दीनची बायको खैरुनबी ओट्याखाली उभी होती. पदर सावरत ती म्हणाली, "मोजणी कशाला? सोमेश्वरभैय्यानं दोन साल बसून सगळा बांध काढलाय ना? आमी रोज बघत होतो. ते काढणं आणा, बघा."

काकासाहेबांना ती गोष्ट पटली. रेघोट्याच्या रेघोट्या कामाला येतील हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. "बराबर. परवा सकाळी आणा. त्याच्या दगडावर बसून आपण बघू. जसं चित्रात आसंल तसं दोघांनी मानायचं. कबूल?"

"कबूल," फकरोद्दीन म्हणाला.

रामरावाला कबूल म्हणावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दैवशालेनं दोघा भावांना ताटं वाढली. ज्वारीची भाकर, पातळ वरण, मिरचीचा ठेचा. रामरावाचा सुजलेला हात भाकर मोडेना. दैवशालेनं मोडून दिली.

"सोमा," रामराव ताटाकडेच बघत म्हणाला, "चित्रात म्हसोबा कुठंय?"

"खांबाच्या खाली."

"तो खोड. आन् आता जिथं हाय तिथं काढ."

सोमेश्वरला वाटलं होतं, दादा निदान आडून विचारील. दादानं सरळच विचारलं.

"तुला काय वाटून राह्यलं ते मला कळतं," रामराव म्हणाला. "पण दोनशे वीस झाडं हायेत. वरल्या आंगाची आत्ताच माना टाकून राह्यली. नव्या विहिरीला जागा तीच हाय. फकरूच्या तिथं नुस्ती तूर उगवती, त्याला काय फरक पडतो? आन् तुजं तर पेन्शिलीचं काम. खोडलं की गेलं."

"दादा, ती रेघ..."

"सहा वर्षं तुला कधी इचारलं का, तू काय करतो? गावानं तोंडावर हसावं आन् म्या ऐकून घ्यावं. कधी बोललो?"

हे खरं होतं. कागद नासतोस म्हणून तो करवादायचा, पण कधी अडवलं नव्हतं. दैवशालेनं सोमेश्वरच्या ताटात आणखी एक भाकर ठेवली. "भावजी," ती हळूच म्हणाली, "माजी मान ह्या बागेपायी गेली." एवढंच बोलून ती चुलीकडे वळली.

सोमेश्वरनं कापसाच्या खोलीचं दार लावून घेतलं. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप चित्रावर येत होती. त्यानं खोडरबराचा कोपरा ब्लेडनं कापून टोकदार केला आणि म्हसोबाच्या डोक्यापासून सुरुवात केली.

रेघ सहज निघेना. त्याची कडक पेन्सिल कागदात रुतलेली असायची. शेंदराचे पोपडे, त्यांच्या भेगा, दगडावर पडलेली बाभळीच्या पाल्याची जाळीदार सावली, हे काढायला त्याला एकवीस दिवस लागले होते. सावली रोज पाऊण तासच तशी पडायची, म्हणून रोज पाऊण तास. आता तासाभरात सगळं रबराच्या काळ्या वळकट्या होऊन पायाशी पडलं. मग चार बोटं उजवीकडे त्यानं नवा म्हसोबा काढला. तिथं बाभळीची सावली पोचत नव्हती. तिथलं ऊन कसं पडतं हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं न बघता काढलं, आणि हात इतका मुरलेला की ते झकास उतरलं. त्याला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

परवाच्या सकाळी वीसेक माणसं रानात जमली. चित्र बांबूवर गुंडाळून आणलं होतं. एका टोकाला रामरावानं धरलं, दुसऱ्या टोकाला संपत नावाच्या शेजाऱ्यानं, आणि ते उलगडत खाली सोडलं. काकासाहेब धोतर सावरत सोमेश्वरच्या चपट्या दगडावर बसले.

माणसं पुढं सरकली. यांतल्या कुणीही ते चित्र याआधी पाहिलेलं नव्हतं. कापसाच्या खोलीत कोण जातं?

"आरारा..." संपत वाकून बघत म्हणाला. "ही बाभळीची ढोली. हिच्यात माजी कोंबडी आंडी घालायची. ती बी काढली की!"

"खांब बघा, टेकडी बघा," कुणीतरी म्हणालं. "फोटूत बी इतकं येत न्हाई."

काकासाहेबांनी चित्र पाहिलं, रान पाहिलं, परत चित्र पाहिलं. त्यांचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले. म्हातारपणी पाणी येतंही. "ही बाभळ माज्या आज्यानं पाहिल्याली," ते म्हणाले. "गेली म्हणून मी दोनदा इकडं यायचं टाळलं. आन् ही काय उभी हाय." मग सोमेश्वरकडे वळून म्हणाले, "सोमेश्वर, तुला आमी लई हसलो बाबा."

सहा वर्षांत त्यांनी त्याला नावानं हाक मारली नव्हती. सोमेश्वरला वाटलं, हेच ऐकायला आपण बसलो होतो का? दोन हिवाळे, सकाळी बोटं गारठून पेन्सिल धरवेना तेव्हाही?

"म्हसोबा बघा आता," रामराव घाईनं म्हणाला. "जल्दी. ऊन होऊन राह्यलं."

काकासाहेबांनी हात सरळ धरून बोटं मोजली. "चित्रात खांबापासून उजवीकडं चार बोटं. रानात बी चार बोटं. देव जाग्यावर हाय. फकरू, तू ये, बस. तू बी बघ."

फकरोद्दीन दगडावर बसला. ऊस उतरवून त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या. त्यानं हात धरला, डोळा मिटला, बराच वेळ बघितलं. खैरुनबी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तो सावकाश उठला.

"सोमेश्वरनं काढलंय म्हंजी बराबरच आसंल," तो म्हणाला. "त्याला म्या दोन साल बघितलंय. तो खोटं काढायचा न्हाई. माजंच ध्यान चुकलं." त्यानं कपाळावर हात फिरवला. "बापानं नारळ कुठं फोडला ते बी आठवंना मला. वय झालं का काय कळत न्हाई."

ते तोंड सोमेश्वरनं ओळखलं. चूक आपलीच म्हणून तीन दिवस तो हेच तोंड घेऊन फिरला होता. आणि तो तीन दिवसांत सुटला होता. फकरोद्दीन मरेपर्यंत सुटणार नव्हता. सुटू नये अशी तजवीज सोमेश्वरच्याच हातानं झाली होती.

"फकरूभाई, तुमचं ध्यान चुकलं न्हाई," तो म्हणाला.

"सोम्या!" रामराव ओरडला.

सोमेश्वर चित्राजवळ गेला. त्यानं खालची कड धरली आणि कागद उन्हाकडे तिरपा केला. सकाळचं ऊन अंगावरून घासत गेलं आणि खांबाच्या खाली, कोऱ्या दिसणाऱ्या जागी, रुतलेल्या रेघा उठून आल्या. दगडाची कड, शेंदराच्या भेगा, पाल्याची जाळी. सगळा म्हसोबा पांढऱ्यावर पांढरा दिसू लागला.

"हा खरा," सोमेश्वर म्हणाला. "आन् तो म्या काल काढला. न बघता."

खैरुनबीनं पुढं होऊन त्या पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवलं. सगळे रामरावाच्या सुजलेल्या मनगटाकडे बघत होते. रामरावानं बांबूचं टोक सोडलं. चित्र त्या बाजूनं ढेकळांत पडलं. तो चित्रावर पाय न देता कडेनं गेला आणि गाडीही न घेता पायी घराकडे चालू लागला.

त्या दिवशी दैवशालेनं दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढलं. सोमेश्वरच्या ताटात भाकरी होत्या तितक्याच, दोन; पण तिनं मान वर केली नाही. सोमेश्वरनं पिशवी भरली. मस्तगडला कुणीतरी ओळखीचं निघेल, असं त्यानं ठरवलं.

सकाळी तो निघाला तेव्हा रामराव घरात नव्हता. जालन्याच्या रस्त्याला लागण्याआधी एकदा बांध बघावा म्हणून सोमेश्वर रानाकडे वळला.

रामराव म्हसोबापाशी होता, अनवाणी. शेजारी नारळ फोडलेला. पहार दगडाखाली घातली होती आणि एका हातानं तो ती दाबत होता. दुसरा हात कामाचा नव्हता. दगड जरा उचलला जाई आणि परत बसे. फकरोद्दीन आपल्या निंबाखाली उभा राहून बघत होता. तो मदतीला आला नाही आणि गेलाही नाही.

सोमेश्वरनं पिशवी खाली ठेवली. दुसऱ्या अंगानं हात घातला. दोघांनी दगड लोळवत, थांबत, दम खात नऊ हात आणला. रामरावाच्या कानशिलावरून घाम मातीत पडत होता.

"सांग," रामराव म्हणाला. "कुठं ठिवू?"

सोमेश्वर धावत आपल्या दगडावर जाऊन बसला. पाठ झाडाला टेकवली, हात धरला, डोळा मिटला. "जरा डावीकडं!"

रामरावानं खांदा लावला.

"आजून! आजून येक बोट!"

"आता?"

"जास्त झालं. निम्मं बोट मागं."

रामरावानं भावाकडे बघितलं. मग गुडघे टेकून, छातीनं रेटून, त्यानं दगड निम्मं बोट मागं घेतला. "आता?"

"आता बराबर."

रामराव तिथंच बसून राहिला. बऱ्याच वेळानं उठला, पहार खांद्यावर टाकली आणि भावाजवळ येऊन उभा राहिला. सोमेश्वरच्या पाठीमागच्या झाडाचं एक पान त्यानं चिमटीत धरलं. ते कडेनं आत वळलेलं होतं आणि मधली शीर वर आली होती. त्यानं ते तोडलं नाही. नुसतं धरून बघितलं, सोमेश्वर बघायचा तसं.

"किती कागद लागतील हिला?" त्यानं विचारलं.

"कुणाला?"

"बागेला."

"झाडाला एक धरला तरी दोनशे वीस," सोमेश्वर म्हणाला.

रामरावानं पान सोडलं. भावाची पिशवी उचलून त्यानं आपल्या चांगल्या हातात घेतली आणि घराकडे दोन पावलं टाकून थांबला.

"वरल्या आंगापून धर," तो म्हणाला. "तिकडली आधी जायची."